‘होईल काहीतरी’ची शेती



मे महिना सरत आला की गावोगावच्या पारावर एक संवाद हमखास ऐकू येतो. गाव कोणतेही घ्या, बोलणे तेच.

“काय तात्या, यंदा बियाण्याचं काय केलं?”

“घरचं सोयाबीन हाय की पोत्यात.”

“उगवण तपासली का?”

“उगवंल की! न उगवायला काय झालं?”

“आन् सोसायटीचं?”

“त्याचंबी होईल काहीतरी.”

यात तात्यांचा काही गुन्हा आहे असे नाही. तुमच्या-माझ्या घरात रोज हेच चालते. पोरीच्या लग्नाचे होईल काहीतरी, विहिरीच्या गाळाचे होईल काहीतरी, ग्रामपंचायतीच्या पाणीयोजनेचे होईल काहीतरी. शब्द दोनच, पण त्यांच्या भरवशावर आपण अख्खी वर्षे काढतो. तेव्हा आज या ‘होईल काहीतरी’चाच थोडा विचार करू. आणि गंमत अशी की, जगातल्या शहाण्या लोकांनी या रोगाला माणसांची नावे देऊन ठेवली आहेत. तीही खऱ्या माणसांची नव्हेत, गोष्टीतल्या माणसांची!

आता भाषा किती हुशार असते ते बघा. दारू पिऊन गटाराकडेला पडलेल्याला आपण ‘तळीराम’ म्हणतो. हा तळीराम कोण? राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकातले एक पात्र. ते नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्याला शंभर वर्षे होऊन गेली, आणि ज्याने आयुष्यात ते नाटक पाहिलेले नाही तोसुद्धा ‘तळीराम’ म्हटल्यावर काय ते ओळखतो. तसाच पुराणातला कळीचा नारद, भारतातला शकुनी मामा, रामायणातला कुंभकर्ण. नाव घेतले की पुढे काही सांगावे लागत नाही.

अशा नावांचा उपयोग काय? गोठ्यातला एखादा बैल खोडील आहे हे एकदा कळले की माणूस त्याच्या मागून जाताना जपून जातो. दोषाचेही तसेच आहे. त्याला नाव मिळाले की तो ओळखू येतो. नाव नसेल तर तो आपल्याच अंगणात बिनदिक्कत चरत राहतो आणि आपण म्हणतो, वैरण कुठे गेली कळत नाही बुवा!

मग ‘होईल काहीतरी’ म्हणणाऱ्याला आपल्याकडे नाव काय? आहे की. पंचतंत्रातल्या सोमशर्म्याच्या बापाला कोण विसरेल? त्या ब्राह्मणाने भिक्षेत मिळालेल्या सातूच्या पिठाचे गाडगे खुंटीला टांगले आणि खाली खाटेवर पडून हिशेब मांडायला घेतला. दुष्काळ पडेल, पीठ शंभराला विकेल, त्यातून दोन शेळ्या घेऊ, शेळ्यांच्या गायी, गायींच्या म्हशी, म्हशींच्या घोड्या, मग सोने, मग वाडा, मग बायको, मग सोमशर्मा नावाचा मुलगा. मुलगा रांगत घोड्यांच्या पायाशी गेला, बायकोने लक्ष दिले नाही म्हणून तिला मारली लाथ! लाथ बसली गाडग्याला. पीठ अंगावर सांडले आणि स्वारी पांढरीफटक!

ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आणि हसलो. पण शेतकऱ्याच्या नजरेने ती पुन्हा एकदा बघा. त्या ब्राह्मणाच्या हिशेबातली पहिली ओळ कोणती? ‘दुष्काळ पडेल’ ही! म्हणजे त्याच्या सगळ्या वैभवाचा पाया दुसऱ्यांच्या उपासमारीवर होता, आणि दुष्काळ पडणे न पडणे त्याच्या हातात नव्हते. आता आपल्या कांदाचाळीकडे वळा. उन्हाळी कांदा भरून ठेवला आहे. ‘तिकडे दुसऱ्या राज्यात पाऊस झाला, त्यांचा माल सडला, की आपल्याला भाव आलाच समजा.’ हा हिशेब आणि सातूच्या गाडग्याचा हिशेब यांत फरक किती? भाव येतोही कधी कधी, नाही असे नाही. पण तोवर चाळीत किती सडला, वजनात किती घटला, हे किती जण मोजतात? गाडगे लाथेनेच फुटते असे नाही, ते आतून पाझरूनही रिकामे होते.

याच घराण्यातला शेखचिल्ली. ‘मनात मांडे, पदरात धोंडे’ ही म्हण याच लोकांसाठी. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ हीसुद्धा यांच्यासाठीच. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’. एका दोषासाठी इतक्या म्हणी ज्या भाषेला लागल्या, त्या लोकांना या दोषाने किती छळले असेल याचा तुम्हीच अंदाज करा!

पण हे काही आपल्यापुरतेच नाही. सातासमुद्रापलीकडे इंग्रजांच्या मुलखात या रोगाचे नाव आहे मिकॉबर. चार्ल्स डिकन्स नावाचा मोठा कादंबरीकार होऊन गेला. त्याची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ ही कादंबरी १८४९ ते १८५० या काळात हप्त्याहप्त्याने छापली गेली. तिच्यात हे मिकॉबरसाहेब आहेत. बोलायला गोड, मनाने दिलदार, बायकापोरांवर जीव. पण कायम कर्जात. दारात सावकार ओरडत असले की हे घाबरेघुबरे होतात आणि अर्ध्या तासात बूट चकचकीत करून गाणे गुणगुणत बाहेर पडतात. कारण काय, तर लवकरच काहीतरी घडून येईल आणि सगळे ठीक होईल याची त्यांना खात्री! आपल्या तात्यांचे ‘होईल काहीतरी’ आणि मिकॉबरचा हा धीर ही एकाच वाफ्यातली रोपे. इंग्रजी शब्दकोशात या नावावरून झालेले शब्द आजही आहेत.

आता यातली खरी मेख पुढेच आहे. मिकॉबरला हिशेब कळत नव्हता असे नाही. तोच लहानग्या डेव्हिडला शिकवतो की, वर्षाची कमाई २० पौंड असेल आणि खर्च त्यापेक्षा सहा पेन्स कमी झाला तर माणूस सुखी. तोच सहा पेन्स जास्त झाला तर माणूस बुडाला. आपल्या भाषेत सांगायचे तर अंथरूण पाहून पाय पसरावेत. इतके साफ गणित ज्याच्या तोंडी होते, तोच माणूस कर्जापायी तुरुंगात गेला! तेव्हा बंधूंनो, अडचण कळण्यात नसते, वळण्यात असते. ‘आम्हाला सगळं कळतंय हो’ असे म्हणणाऱ्यानेच जास्त सावध राहावे.

आणि डिकन्सने हे हवेतून आणले नव्हते. त्याचे वडील जॉन डिकन्स हे आरमाराच्या पगार कचेरीत कारकून. १८२४ साली कर्ज थकले म्हणून त्यांना लंडनच्या मार्शलसी तुरुंगात घातले. तेव्हा १२ वर्षांचा चार्ल्स बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना कागद चिकटवण्याचे काम करत होता. मिकॉबर हा बऱ्याच अंशी त्याच बापावरून बेतलेला. म्हणजे ज्या ‘होईल काहीतरी’वर आपण हसतो, त्याची किंमत त्या घरात एका पोराने मजुरी करून मोजली होती. आपल्याकडेही ती बहुधा पोरेच मोजतात. कोणाची शाळा सुटते, कोणाचे लग्न घाईत उरकले जाते.

मिकॉबरची आणखी एक तऱ्हा सांगतो, ती सोसायटीच्या सभासदांनी नीट ऐकावी. त्याचे एका मित्राचे पैसे देणे होते. परदेशी निघण्याआधी त्याने काय केले? त्या रकमेची एक हातचिठ्ठी लिहिली, मोठ्या थाटात मित्राच्या हाती दिली आणि पैसे फेडल्याचे पूर्ण समाधान घेऊन मोकळा झाला! पैसा एक नाही, नुसता कागद. आता मार्च महिन्यात आपण कर्जाचे ‘नवे-जुने’ करतो ते आठवा. चार दिवस हातउसने घेऊन जुने खाते भरायचे, लगेच नवे उचलायचे, उसने परत करायचे. कागदावर खाते नियमित झाले. सोसायटीचा सचिव खूश, बँकेचा इन्स्पेक्टर खूश, आपणही सुटलो म्हणून खूश. पण देणे होते तिथेच आहे, उलट त्यात चार दिवसांच्या उसनवारीचे व्याज वाढले. नवे-जुने करूच नका असे मी म्हणत नाही. खाते थकले तर पुढचे पीककर्ज अडते, हे मलाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी घरी येताना पेढे आणू नका, एवढेच.

‘मग कर्जमाफी येते त्याचं काय?’ असे तुम्ही म्हणाल. येते ना. १९९० साली केंद्राची १० हजार रुपयांपर्यंतची आली. २००८ साली पुन्हा केंद्राची आली. २०१७ साली राज्याची दीड लाखापर्यंतची आणि २०१९ साली दोन लाखांपर्यंतची जाहीर झाली. त्या काही भीक नव्हत्या. शेतमालाच्या भावाची धोरणे ज्यांनी ठरवली त्यांच्यावर तेवढे देणे होतेच, असे माझे मत आहे. पण या वर्षांमधले अंतर बघा. १९९० नंतर १८ वर्षे, मग ९ वर्षे, मग २ वर्षे. याला काही पाळी आहे का? शिवाय प्रत्येक वेळी अटी वेगळ्या, तारखा वेगळ्या. कोणाचे खाते तारखेच्या अलीकडे पडले, कोणाचे पलीकडे. कोणी नेमाने भरले म्हणून बाहेर राहिला आणि कपाळाला हात लावून बसला. जी गोष्ट केव्हा येईल, किती येईल, कोणाला येईल हे सांगता येत नाही, तिच्यासाठी लढावे जरूर, मोर्चाला जावे. पण घरखर्चाच्या वहीत तिला जमेच्या बाजूला धरू नये. आली तर वरकड समजावी.

असो. शेतकऱ्याला चार शब्द सुनावले. आता गावकारभाऱ्यांकडे वळतो, कारण त्यांच्यासाठीही एक नाव राखून ठेवले आहे. ते आहे रशियातले, मानिलोव्ह.

निकोलाय गोगोल या लेखकाची ‘मृत आत्मे’ ही कादंबरी १८४२ साली प्रसिद्ध झाली. तेव्हा रशियात जमीनदारी होती आणि जमिनीबरोबर माणसेही मालकीची असत, त्यांना भूदास म्हणत. त्या कादंबरीत मानिलोव्ह नावाचा एक जमीनदार आहे. अतिशय गोड माणूस. इतका गोड, की थोड्या वेळाने कंटाळा येतो. हा शेतावर कधी जात नाही, शेती आपली आपण चालते. कारभाऱ्याने येऊन सांगितले की, मालक, अमुक केले तर बरे होईल, की हा चिलीम ओढत म्हणणार, हो, बरेच होईल. आणि गोष्ट तिथेच संपणार. घराच्या पायरीवर उभा राहून समोरच्या तळ्याकडे बघत तो बेत करतो: या तळ्यावर एक दगडी पूल बांधावा, पुलाच्या दोन्ही अंगांना दुकाने असावीत, तिथे व्यापाऱ्यांनी गावकऱ्यांच्या उपयोगाचा बारीकसारीक माल विकावा. किती छान! इकडे तळ्यावर शेवाळ साचलेले. त्याच्या दिवाणखान्यात उंची सामान, पण दोन खुर्च्यांना कापड कमी पडले म्हणून त्या कितीतरी वर्षे तरटात गुंडाळून ठेवलेल्या, आणि दर पाहुण्याला हा सांगणार, त्यांवर बसू नका, त्या अजून तयार नाहीत. त्याच्या खोलीत एक पुस्तक आहे. चौदाव्या पानात खूण घातलेली. दोन वर्षे झाली, खूण तिथेच!

खरे सांगा, सरपंचसाहेब, ओळखीचे वाटते की नाही? तरटात गुंडाळलेल्या खुर्च्या म्हणजे आपले पत्रे न पडलेले समाजमंदिर. चौदाव्या पानावरची खूण म्हणजे आपला ग्रामपंचायत विकास आराखडा. दरवर्षी मोठ्या उत्साहाने तयार होतो. त्यात प्रवेशद्वार असते, सुशोभीकरण असते, बाकडी असतात. आणि गावतळ्यातला गाळ? तो पुढच्या वर्षीच्या आराखड्यात.

पण मानिलोव्हच्या कथेतला मला सर्वात झोंबलेला प्रसंग वेगळाच आहे. चिचिकोव्ह नावाचा एक बेरकी पाहुणा त्याच्याकडे येतो आणि विचारतो की, मागच्या शिरगणतीनंतर तुमचे किती भूदास मेले? रशियात नवी शिरगणती होईपर्यंत मेलेली माणसे कागदावर जिवंतच राहत आणि मालकाला त्यांचा कर भरावा लागे. या चिचिकोव्हला तीच कागदावरची माणसे विकत हवी होती. पण मानिलोव्हला आकडा ठाऊक नाही! तो कारभाऱ्याला बोलावतो. कारभारी सांगतो, पुष्कळ मेले मालक, पण कोणी मोजले नाहीत.

कोणी मोजले नाहीत! बंधूंनो, या सगळ्या आशावादाचे मूळ इथे आहे. ज्याला आकडा नको असतो तोच निवांत स्वप्ने बघू शकतो. आपल्या गावच्या कागदांतही मेलेली माणसे जिवंत असतात. आजोबा जाऊन वीस वर्षे झाली तरी सातबाऱ्यावर नाव त्यांचेच, वारसनोंद कोणी केली नाही. ‘करू की, होईल काहीतरी.’ मग एक दिवस अनुदान येते, विमा येतो, आणि खातेदार मयत म्हणून पैसे अडकतात. त्या दिवशी तलाठ्याला शिव्या देऊन उपयोग काय? (२०२४ साली सरकारने तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी असे नवे नाव दिले. नाव बदलले हे चांगलेच, पण वही तीच आहे आणि तीत आकडा भरणारा हातही तोच.) गावात विहिरी किती, बोअर किती, जानेवारीत पाणी किती हातावर होते आणि एप्रिलमध्ये किती, हे एका कागदावर लिहिलेले किती ग्रामपंचायतींकडे सापडेल?

रशियन लोकांनी या माणसाच्या नावावरून ‘मानिलोव्हश्चिना’ असा शब्दच बनवला. गोड गोड बेत आणि शून्य काम. त्याचाच भाऊ शोभेल असा दुसरा शब्द आहे ‘ओब्लोमोव्हश्चिना’. तो आला १८५९ सालच्या गोन्चारोव्ह यांच्या ‘ओब्लोमोव्ह’ कादंबरीतून. हा ओब्लोमोव्हही जमीनदारच. गावाकडून कारभाऱ्याचे पत्र येते की, दुष्काळ आहे, माणसे पळून गेली, वसूल घटला. आणि हा शहरात अंथरुणात पडून जमीन सुधारण्याची योजना आखतो आहे. किती वर्षे? कैक वर्षे! पण अंथरुणातून उठणे काही होत नाही.

तिसरे नाव थोडक्यात सांगतो, ते वरच्या साहेबांसाठी. फ्रान्समधल्या व्हॉल्तेअरने १७५९ साली ‘कांदीद’ नावाची गोष्ट लिहिली. तिच्यात पँग्लॉस नावाचे एक गुरुजी आहेत. त्यांचे म्हणणे, जगात जे जे घडते ते चांगल्यासाठीच. १ नोव्हेंबर १७५५ या दिवशी पोर्तुगालच्या लिस्बन शहरात मोठा भूकंप झाला होता. घरे पडली, समुद्र आत आला, आगी लागल्या. ती खरी घटना व्हॉल्तेअरने गोष्टीत घेतली. लिस्बनच्या खाडीत या मंडळींवर उपकार करणारा एक भला माणूस डोळ्यांदेखत बुडतो, आणि गुरुजी सिद्ध करून दाखवतात की ही खाडी मुळी त्याने बुडावे म्हणूनच निर्माण झाली होती! आपल्याकडे शिवारात पीक करपून उभे असते आणि नजर अंदाज पैसेवारी पन्नास पैशांच्या वर लागते, तेव्हा मला या गुरुजींची आठवण येते. मिकॉबर निदान स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन आशा करतो. पँग्लॉस दुसऱ्याच्या दुःखावर बसून आशा वाटतो. या दोहोंत हा जास्त घातक.

आता कोणी विचारेल, मग आशाच करू नये की काय? मी असे कसे म्हणेन? आशा नसती तर जून महिन्यात कोणी मातीत दाणा टाकला असता? आधी दोन वर्षे हात पोळलेला माणूस तिसऱ्या वर्षी पुन्हा तिफण जुंपतो, ती आशेवरच. शेती हा धंदाच आशेचा आहे. आणि ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, ज्याच्या घरात आजारपण आहे, त्याला शेखचिल्ली म्हणून हिणवणे हे जखमेवर मीठ चोळणे झाले. ही नावे दुसऱ्याला चिकटवण्यासाठी नाहीत, आरशासारखी आपल्यासमोर धरण्यासाठी आहेत.

माझे म्हणणे एवढेच की, आशा दोन प्रकारची असते. एक हात चालवणारी आणि एक हात थांबवणारी. ओळखायची कशी? तात्यांच्या सोयाबीनवरूनच सांगतो. घरच्या पोत्यातले बी उगवेल अशी आशा आहे ना? मग पोत्यातून सरसकट १०० दाणे घ्या, निवडून घेऊ नका. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उघडून धड मोड किती आले ते मोजा. ७० किंवा त्याहून जास्त आले तर शिफारशीप्रमाणे एकरी ३० किलो पेरा. थोडे कमी आले तर त्या मानाने बियाणे वाढवा. फारच कमी आले तर ते पोते पेरायचे नाही, दुसऱ्या बियाण्याची सोय आत्ताच बघायची. सोयाबीनचे टरफल पातळ, मळणीत आणि पोत्यांच्या आपटाआपटीत बी जायबंदी होते, हे तुम्हाला मी काय सांगावे? आणि पेरताना एका सरीवर भुलायचे नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन चांगली ओल झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही. खर्च किती आला? एक गोणपाट आणि आठ दिवस. नाही तर दुबार पेरणी आहेच, आणि दुबार पेरणीचे पैसे कुठून येणार? ‘होईल काहीतरी!’

हीच गोष्ट गावाची. नगर तालुक्यातल्या (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर) हिवरे बाजारचे नाव तुम्ही ऐकले असेल. पोपटराव पवार १९८९ साली तिथे सरपंच झाले, २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या गावात पाऊस काही कृपा म्हणून जास्त पडत नाही. तिथे पाऊस मोजतात. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात, पिण्याला किती, जनावरांना किती, शेतीला किती, आणि त्यावरून यंदा कोणती पिके घ्यायची ते गावाने बसून ठरवतात. मानिलोव्हचा कारभारी म्हणाला होता, कोणी मोजले नाहीत. हिवरे बाजारने मोजले. फरक तेवढाच, पण तेवढ्यानेच गाव उभे राहिले.

तेव्हा माझी एक सूचना आहे. इथून पुढे ‘होईल काहीतरी’ असे तोंडातून निघाले, की लगेच स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. काय होईल? केव्हा होईल? आणि कोण करणार? तिन्हींची उत्तरे आली तर ती आशा खरी, खुशाल बाळगा. एकाचेही आले नाही तर समजा की मिकॉबर आपल्या ओट्यावर येऊन बसला आहे. हेच तीन प्रश्न ग्रामसभेतही विचारा. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, सभा तर होतातच. ठरावाच्या वहीत प्रत्येक कामापुढे तारीख आणि जबाबदार माणसाचे नाव लिहा, आणि पुढच्या सभेत आधी ती वही वाचा. आराखड्याचे चौदावे पान आपोआप उलटेल.

जाता जाता मिकॉबरचे पुढे काय झाले ते सांगतो, नाही तर त्याच्यावर अन्याय होईल. तो ऑस्ट्रेलियात गेला. जाण्यासाठी डेव्हिडच्या आत्याने पैसे पुढे केले, म्हणजे भांडवल लागलेच. नुसत्या मेहनतीवर कोणी वर येत नाही, हे राज्यकर्त्यांनीही लक्षात घ्यावे. पण तिथे गेल्यावर हा गृहस्थ रानात उन्हात टकलावरून घाम गळेपर्यंत राबला, देणी फेडली आणि शेवटी मॅजिस्ट्रेट झाला! आणि ‘कांदीद’मधली ती मंडळी? सारे जग फिरून, सारे हाल सोसून ती कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका छोट्याशा मळ्यात येऊन थांबतात. शेजारी एक म्हातारा तुर्की शेतकरी, विसेक एकरांचा धनी, पोरांना घेऊन स्वतः राबतो आणि सुखाने खातो. त्याला पाहून तेही वाद सोडून आपल्या मळ्यातल्या कामाला लागतात. पँग्लॉस गुरुजींची बडबड काही थांबत नाही, पण ऐकायला कोणाला वेळ असतो?

मृग जवळ आला आहे. तात्या, गोणपाट भिजवा आणि शंभर दाणे मोजून ठेवा. किती उगवले ते आठ दिवसांनी पारावर सांगा, म्हणजे बाकीचेही मोजतील.